जातें, चरखा आणि पीर : दक्षिणेंतील सूफींच्या लोकशिक्षणाचा एक विचार

दक्षिणेंत इस्लामी धर्माची शिकवण सामान्य जनांपर्यंत कोणत्या वाटेनें पोंचली, या प्रश्नास आजवर दोन ठराविक उत्तरें मिळत आलीं आहेत. एक उत्तर तरवारीचें व दुसरें चमत्काराचें. पहिलें बहुधा बाहेरचा माणूस देतो. दुसरें दर्ग्याचा मुजावर देतो. या दोहोंत एक गोष्ट समान आहे. शिकवणाऱ्यानें प्रत्यक्ष काय शिकविलें, कोणत्या भाषेंत शिकविलें आणि शिकणारा त्या वेळीं काय करीत बसला होता, याची चौकशी दोघांनींही केलेली नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ती चौकशी विजापूरच्या शाहपूर टेकडीवरील चिश्ती पीरांची परंपरा व श्रीगोंद्याचे शेख महंमद या दोन ठिकाणांपुरती करणार आहों. विषय जुना खरा. परंतु श्रीगोंद्याच्या स्थानास मठ म्हणावें कीं दर्गा, यावर अलीकडे वाद माजला असल्यामुळें त्याचा विचार शांतपणें व साधनें पुढें ठेवून करणें अगत्याचें झालें आहे.

प्रथम औपचारिक शिक्षणाकडे पाहूं. बहमनी वजीर महमूद गवान यानें इ. स. 1472 मध्यें बिदर येथें जो मदरसा बांधिला, त्याची रंगीत कौलांनीं मढविलेली भिंत व उरलेला एक मिनार आजही उभा आहे. बाकीचा भाग औरंगजेबाच्या अमदानींत दारूच्या स्फोटानें उध्वस्त झाला. इमारतीची धाटणी इराणी व शिकविण्याची भाषा अरबी-फारसी. पुढें विजापुरास आसार महालाशीं जोडलेल्या मदरशांत हदीस व फिकह हे विषय शिकवीत. या संस्थांची योग्यता मोठी होती याबद्दल वाद नाहीं. परंतु बिदरच्या वेशीबाहेरील कोष्ट्यास किंवा विजापूरच्या पेठेंतील पिंजाऱ्याच्या बायकोस त्यांचा उपयोग शून्य होता. ज्याला अलिफ ओळखतां येत नाहीं, त्याला हदीस काय कळणार ?

ही अडचण ज्यांस प्रथम जाणवली त्यांत मीरांजी शम्सुल् उश्शाक यांचें नांव अग्रगण्य आहे. हे गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजांच्या शिष्यपरंपरेंतील असून पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरनजीक शाहपूर येथें राहिले. त्यांनीं आपले ग्रंथ त्या वेळीं 'हिंदी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे आपण जिला दखनी म्हणतों त्या भाषेंत लिहिले. आणि लिहितांना वाचकांची माफीही मागितली. ज्यांस अरबी अथवा फारसी येत नाहीं अशांसाठीं ही खटपट आहे, भाषा हलकी दिसली तरी आंतील अर्थ पाहावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही माफी इतिहासकाराच्या दृष्टीनें फार मोलाची होय. मनुष्य माफी मागतो ती आक्षेप घेणारे समोर असतात म्हणून. तेव्हां देशी भाषेंत धर्म सांगणें हें त्या काळीं सर्वमान्य नव्हतें, विद्वानांच्या मंडळींत त्यास नाकें मुरडलीं जात होतीं, हें यावरून उघड होतें. ज्ञानदेवांपासून एकनाथांपर्यंत मराठी ग्रंथकारांस संस्कृतापुढें आपल्या भाषेची जी कैफियत मांडावी लागली, तिच्याशीं ही गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे. दोन्ही बाजूंचे पंडित वेगळे, परंतु त्यांचा हट्ट एकच !

मीरांजींच्या 'खुशनामा' या लहानशा ग्रंथांत एक अल्पवयी मुलगी पीरास प्रश्न विचारते व पीर उत्तरें देतो. प्रश्नोत्तरांची ही रीत त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम यांनीं पुढें चालविली. त्यांचा 'इर्शादनामा' हिजरी 990 म्हणजे इ. स. 1582 चा, 'कलिमतुल् हकाइक' हा गद्यग्रंथ दखनींतील आरंभींच्या गद्यापैकीं गणला जातो. जानमांचे पुत्र अमीनुद्दीन आला इ. स. 1675 त वारले. शाहपूर टेकडीवरचा त्यांचा पांढरा घुमट दुरून दिसतो. आजा, बाप व नातू मिळून जवळजवळ दोनशें वर्षें एकाच टेकडीवर एकाच कामास लागलेलें असें हें घराणें आहे.

या ग्रंथांचा अभ्यास करणारांनीं भाषेकडे पुष्कळ लक्ष दिलें; परंतु आमच्या मतें खरी नवलाची गोष्ट ग्रंथांत नसून गाण्यांत आहे. या परंपरेंतील व तिच्या आसपासच्या सूफींनीं जीं लहान पदें रचलीं, त्यांचीं नांवेंच पाहावींत : चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा, शादीनामा, सुहागननामा. चक्की म्हणजे जातें. लोरी म्हणजे अंगाई. बाईच्या दिवसाचा प्रहर न् प्रहर या नांवांत आलेला आहे. पहाटे दळण, दुपारीं सूत, रात्रीं पाळणा, आणि मधून मधून लग्नकार्य.

चक्कीनाम्याची रचना कशी असते हें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. जात्याचा खुंटा उभा असतो. अरबी लिपींतील अलिफ हें अक्षरही उभ्या रेघेचें. म्हणून खुंटा हा अलिफ, आणि अलिफ म्हणजे अल्ला, असें गाणें सांगतें. ज्याच्याभोंवतीं वरची तळी फिरते तो मधला आंस पैगंबर होय. लिहितां-वाचतां न येणारी बाई ज्या खुंट्यास रोज धरते, त्यांतच तिला वर्णमालेचें पहिलें अक्षर व धर्माचें पहिलें तत्त्व एकदम मिळतें. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटीं ईश्वराच्या नांवाचें पालुपद येतें, तेव्हां जात्याच्या घरघरीबरोबर जिक्रही होऊन जातो. चरखानाम्यांत शरीर हाच चरखा मानिला असून श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवून नामस्मरण करण्याची सूफींची कठीण साधना सूत काढण्याच्या ओळखीच्या हालचालींत बसविली आहे. गाणें ऐकणारीस 'बहिणी' म्हणून हांक घातलेली असते. येथें शिक्षक शिष्यास आपल्याकडे बोलावीत नाहीं. शिष्या जेथें बसली आहे तेथें तो स्वतः जातो, आणि तिचें काम थांबवीत नाहीं. मदरशांत हें कधींही साधलें नसतें.

मराठी वाचकास हें ऐकून आपल्या ओव्या आठवल्यावांचून राहणार नाहींत. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत, म्हणजे इ. स. 1129 च्या सुमारास, आलेला आहे. तेव्हां सूफी येथें येण्यापूर्वीं निदान दोनशें वर्षें ही चाल चालू होती. महंमद तुघलखानें दिल्लीची मंडळी दौलताबादेस आणिली ती इ. स. 1327 त, बुऱ्हाणुद्दीन गरीब हे चिश्ती पीर त्याच लाटेबरोबर येऊन 1337 त खुलदाबादेस वारले. जनाबाईच्या नांवें चालणाऱ्या दळणाच्या अभंगांत विठ्ठल जातें ओढूं लागतो हें तर घरोघर ठाऊक आहे. म्हणजे जात्यावर देव आणण्याची कल्पना चक्कीनामा रचणारांनीं नव्यानें काढिली असें म्हणतां येत नाहीं. तीन चरण व त्यांपुढें पालुपद ही कांहीं चक्कीनाम्यांची ठेवण आमच्या साडेतीन चरणांच्या ओवीशीं किती जवळची आहे ! एकानें दुसऱ्याची थेट नक्कल केली असें आम्ही म्हणत नाहीं. दगड एकच, हात एकाच गतीनें फिरणार, आणि धांप लागण्याचें ठिकाणही तेंच. गाणें त्या मापाचें होणारच.

येथें साधनांविषयीं एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. कांहीं चक्कीनामे खुद्द गेसूदराजांच्या नांवावर दिलेले आढळतात. गेसूदराज इ. स. 1422 त वारले. 'मेराजुल् आशिकीन' हा गद्यग्रंथही पुष्कळ वर्षें त्यांचाच मानला जात असे. परंतु हाफिज कतील यांनीं तो अमीनुद्दीन आला यांच्या परंपरेंतील मखदूमशाह हुसेनी यांचा ठरविला, म्हणजे ग्रंथाचा काळ दोन-अडीचशें वर्षांनीं खालीं आला. मोठ्या पुरुषाच्या नांवावर आपलें पद खपविणें हा प्रकार आमच्याकडे ज्ञानदेव-नामदेवांच्या बाबतींत कमी झालेला नाहीं. म्हणून या गाण्यांचा भर सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या-अठराव्या शतकांपर्यंत धरणेंच सुरक्षित.

आतां मुख्य प्रश्न. या गाण्यांचा हेतु काय ? रिचर्ड ईटन यांनीं विजापूरच्या सूफींवरील आपल्या इ. स. 1978 च्या ग्रंथांत या स्त्रीगीतांस प्रथम योग्य तें महत्त्व दिलें. इस्लामी कल्पना दक्षिणेंतील खालच्या थरांत हळूहळू मुरल्या त्या या गाण्यांच्या वाटेनें, असें त्यांचें प्रतिपादन. तें बरेंच मान्य करण्यासारखें आहे. मात्र त्यावरून सूफी हे धर्मांतर घडविण्याच्या कामगिरीवर निघालेले प्रचारक होते असा जो अर्थ कित्येक वाचक काढतात, तो त्या गाण्यांतून निघत नाहीं. कार्ल अर्न्स्ट यांनीं खुलदाबादच्या पीरांवरील इ. स. 1992 च्या पुस्तकांत दाखविलें आहे कीं, चौदाव्या शतकांतील समकालीन मलफूजांत, म्हणजे पीरांच्या संभाषणांच्या टिपणांत, लोकांस बाटविल्याच्या कथांचा मागमूसही नाहीं. त्या कथा मागाहून रचल्या गेल्या. चक्कीनाम्यांत जुना देव टाकून नवा घे, असा उपदेश नाहीं. ज्यांना आपण मुसलमान म्हणवितों, परंतु धर्माची माहिती नाहीं, अशा बायकांस, आणि दर्ग्याच्या ओढीनें येणाऱ्या सर्वांस, पीर घरचें शिक्षण देत होता एवढेंच त्यावरून म्हणतां येतें.

याच्या उलट टोंकास जाऊन, हे लोक हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठीं झटत होते असें म्हणणेंही आम्हांस रुचत नाहीं. ऐक्य हा आपल्या काळचा शब्द आहे, आणि आपल्या काळची काळजी. जानमांस आपला तौहीद शिकवावयाचा होता. दुसरें कांहीं नाहीं. परंतु उसनी घेतलेली वस्तु घेणाऱ्यास बदलल्यावांचून राहत नाहीं, आणि या ठिकाणीं तिनें किती बदल केला याचा एक भक्कम पुरावा आहे. ग्रीकांपासून अरबांनीं घेतलेल्या विद्येंत महाभूतें चार : पृथ्वी, जल, अग्नि व वायु. अमीनुद्दीन आला यांच्या संप्रदायांत मात्र भूतें पांच सांगितलीं असून पांचवें 'खाली' म्हणजे रिकामी जागा, आणि या पांचांचे मिळून गुण पंचवीस. मराठी वेदान्ताची ज्यास तोंडओळख आहे तो हें वाचतांच थांबेल. पांच भूतांचे पांच पांच विभाग करून पंचवीस तत्त्वें मोजणें हें आमचें पंचीकरण. आणि 'खाली' तें आकाश. गाण्याची चाल उसनी घेतां घेतां विश्वाची मोजणीही दक्षिणी पद्धतीची झाली. हा पालट राजाज्ञेनें झाला नाहीं, वादविवादानेंही झाला नाहीं. ऐकणाऱ्याला समजेल अशा रीतीनें सांगावयाचें ठरविलें कीं, काय समजतें हें ऐकणाराच ठरवूं लागतो.

याच सुमारास दरबारांतही कांहीं चाललें होतें. दुसरा इब्राहीम आदिलशहा (इ. स. 1580-1627) यानें 'किताबे नवरस' या आपल्या गीतसंग्रहांत सरस्वतीचें स्तवन केलें, गेसूदराजांचेंही केलें, आणि स्वतःस जगद्गुरु म्हणविलें. त्याची रसिकता खरीच. परंतु राजाची हौस राजाबरोबर जाते. शाहपूरच्या टेकडीचा शिरस्ता त्याच्यापूर्वीं होता व त्याच्यामागेंही राहिला, म्हणून शिक्षणाच्या इतिहासांत आम्ही टेकडीस दरबाराहून वरचें आसन देतों.

आतां निजामशाही मुलुखाकडे वळूं. श्रीगोंद्याचे, म्हणजे जुन्या चांभारगोंद्याचे, शेख महंमद यांनीं 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ शके 1567 (इ. स. 1645) त पुरा केला. त्यांचे 'पवनविजय' व 'निष्कलंकप्रबोध' हे दुसरे ग्रंथही प्रसिद्ध आहेत. वा. सी. बेंद्रे व रा. चिं. ढेरे यांनीं त्यांच्या वाङ्मयावर जें परिश्रम केले, त्यांवांचून आमच्यासारख्यांस या विषयांत पाऊल टाकतां आलें नसतें. विजापूरकर व श्रीगोंदेकर यांच्यांत एक मोठा भेद आहे. जानमांनीं आपल्या धर्माची शिकवण देशी गाण्यांत घातली. शेख महंमदांनीं ओवीच नव्हे तर सगळा भागवती परिभाषेचा संसारच आपला मानिला, आणि तरीही आपण 'अविंध' आहों हें ते लपवीत नाहींत. मुसलमान ज्यास सच्चा पीर म्हणतात व मराठे ज्यास सद्गुरु म्हणतात त्यांत अंतर नाहीं, असें ते स्पष्ट सांगतात. हें वाक्य कोणी सहिष्णुतेचा गोड उद्गार म्हणून उद्धृत करितो. आमच्या दृष्टीनें तें मुख्यतः भाषांतराचें काम आहे. दोन शब्दकोश ज्याला येतात तोच अशी जोडी लावूं शकतो.

'योगसंग्राम' या नांवाचाही थोडा विचार करूं. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथांत जीवाचें आपल्याच विकारांशीं युद्ध रंगविलें आहे. अठरा हा आंकडा गीतेची आठवण देतो, आणि युद्धही कुरुक्षेत्राची. परंतु सूफींच्या शिकवणुकींत स्वतःच्या वासनेशीं, म्हणजे नफ्साशीं, केलेली झुंज हाच थोरला जिहाद मानिला जातो, हेंही विसरतां कामा नये. ग्रंथकारानें हा विचार कोणत्या दारानें घेतला ? आमचें मत असें कीं, दोन्ही दारें त्याला उघडीं होतीं व तो कोणत्या दारानें आंत आला याची त्यानें नोंद ठेविली नाहीं, कारण त्याला तिची जरूर भासली नाहीं. हें मत पुराव्यानें सिद्ध झालें असा आमचा आग्रह नाहीं.

शेख महंमदांचे गुरु चांद बोधले. एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी यांनाही चांद बोधल्यांचाच अनुग्रह होता, अशी परंपरा आहे. दौलताबादेस त्यांची समाधि दाखवितात तिची घडण दर्ग्याची आहे. हे बोधले हिंदु कीं मुसलमान यावर फार शाई खर्ची पडली. महिपतीच्या ग्रंथांत दत्त मलंगाच्या वेषानें येतो ती कथा या वादांत नेहमीं पुढें केली जाते. महिपतीचे 'भक्तविजय' व 'भक्तलीलामृत' अनुक्रमें इ. स. 1762 व 1774 चे, म्हणजे घटनेनंतर दोनशें वर्षांचे. त्यांवरून सोळाव्या शतकांतील पुरुषाचा धर्म ठरविणें धाडसाचें होईल. परंतु अठराव्या शतकांतील एका सनातनी ब्राह्मण चरित्रकारास देवानें फकिराच्या वेषांत यावें हें खटकलें नाहीं, ही गोष्ट त्यांवरून निश्चित सिद्ध होते, आणि ती आमच्या विषयास पुरेशी आहे. याच परंपरेंतील एकनाथांनीं आपलें भागवत शके 1495 त काशीस पुरें केलें आणि 'हिंदु-तुर्क संवाद' हें भारूडही लिहिलें. त्यांत दोघे एकमेकांची यथेच्छ हजेरी घेतात व मग गळ्यांत गळा घालतात. आधीं भांडण मनमोकळें, मग मिलाफ. हा क्रम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

मालोजी भोसल्यांनीं शेख महंमदांस गुरु मानून श्रीगोंद्यास मठ व इनाम करून दिलें, अशी परंपरा आहे. नगरच्या शहाशरीफ पीराच्या नवसानें झालेल्या पुत्रांचीं नांवें मालोजींनीं शहाजी व शरीफजी ठेविलीं ही हकीकतही सर्वश्रुत आहे. समर्थांच्या नांवावर शेख महंमदांच्या स्तुतीचें एक पद चालतें. पुढें बिदरकडील शहा मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय व अठराव्या शतकांत 'सिद्धांतबोध'कार शहामुनि यांनीं मराठींत ग्रंथरचना केली. त्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा आहे.

तुलनेसाठीं गोव्याचें एक उदाहरण देतों. फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' इ. स. 1616 त रायतूर येथें छापलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांस त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागीं नवें पुराण मिळावें म्हणून लिहिलेला आहे, आणि तसें तो सांगतोही. तेथें जुन्या घरांत नवा देव बसवितांना जुना बाहेर काढलेला आहे. भाषा तीच, छंद तोच, कौशल्य तर कित्येक ठिकाणीं सरस. तरी चक्कीनाम्याची जात वेगळी. देशी रूप घेणें म्हणजे देशी लोकांचा मान राखणें असें सरसकट समीकरण मांडणारांनीं हीं दोन पुस्तकें शेजारी शेजारी ठेवून पाहावींत.

आतां श्रीगोंद्याच्या वादाविषयीं आमच्यापुरतें सांगावयाचें तें इतकें. कायद्यानें मालकी कोणाची हें न्यायासनानें पाहावें. संशोधकाचा तेथें अधिकार नाहीं. परंतु जो कोणी इतिहासाचा हवाला देऊन त्या स्थानास केवळ मठ अथवा केवळ दर्गा ठरवूं पाहील, त्यास 'योगसंग्राम' साक्ष देणार नाहीं. ग्रंथकारानें पीर व सद्गुरु हे दोन्ही शब्द वापरले, आणि एकाही शब्दावर काट मारली नाहीं.

काम पुष्कळ पडलें आहे. दखनी हस्तलिखितें हैद्राबादेस सालारजंग संग्रहालयांत व इदारए अदबियाते उर्दू या संस्थेंत आहेत. इकडे गी पॉयतवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकारानें महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखावर गेली आहे. चक्कीनामे व या ओव्या एका टेबलावर घेऊन, खुंटा, तळी, मेख, घांस, पीठ या एकेका शब्दास दोन्हीकडे कोणता अर्थ लाविला आहे याची यादी करण्यास दखनी वाचतां येणारा एक व मराठी ओवी ज्याच्या कानांत आहे असा एक, असे दोघे मिळून बसले पाहिजेत. पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्यापासून जातें फिरविणाऱ्या बायका झपाट्यानें कमी होत आहेत. तेव्हां ओव्यांच्या अर्थाबद्दल ज्यांस विचारावयाचें असेल त्यांनीं तें आधीं विचारावें, हस्तलिखितें थोडा काळ थांबूं शकतील.